शाबासकी नगं, नाडा धरा

शाबास म्हनायला काय जातंय? तोंड उघडायचं आन् बोंबलायचं. आमच्या गावाला ह्यो शबूद लय आवडायचा. कृष्णामाईला पूर आला, कुनाचं म्हसरू वाहत निघालं, कुनी धुनं धुताना घसारलं, की आख्खं गाव काठाला गोळा व्हायचं आन् एकच बोंब मारायचं, "अर्जुनाला बोलवा रंऽ!" मग अर्जुना यायचा, धोतराचा काचा मारायचा, कृष्णामाईला हात जोडायचा आन् उडी टाकायचा. काठावर गाव उभं. बायका तोंडाला पदर लावून, बापय हाताची घडी घालून. बुडता मानूस बाहीर निघाला की, "शाबास अर्जुना! शाबास रं गड्या!" आन् मग जो तो आपापल्या घरला भाकरी खायाला.

अर्जुना म्हंजी माझा मालक. मी राही. त्या वक्तापतूर नवऱ्याचं नाव मी कवा घेतलं न्हवतं, लगनात उखान्यात घेतलं तेवढंच. आत्ता गोष्ट सांगायची म्हनून गावाच्या तोंडनं घेतीया. आमी भोई. बाप-आज्यापासनं नदी उतरवायचं काम आमच्याकडं. गावची नाव व्हती, पन लढाई लागली आन् खिळं मिळंनात, डांबर मिळंना. नाव काठाला उलथी पडून कुजली. ऱ्हायला एकटा भोई.

गाव शाबासकी दिऊन घरला जायचं आन् मी चुलीवर तवा ठेवायची. कोंडा भाजायची, फडक्यात बांधायची आन् मालकाची छाती शेकायची. हुडहुडीनं त्येंचं दात वाजायचं. एक मानूस कवा दारात आला न्हाई, की बाबा अर्जुना, कसा हाईस.

लढाईतल्या एका पुरात तात्याबाची म्हस वाहत निघाली. तात्याबा म्हंजी आमच्या गावातला गुऱ्हाळवाला, ऊस गाळून गूळ करनारा. गूळ गोड, मानूस कडू. म्हशीपायी त्यो काठावर ऊर बडवत व्हता. मालकांनी म्हस काढली, पन वरनं आल्यालं लाकडाचं वंडकं त्येंच्या बरगडीवर बसलं. तवापासनं खोकला हटंना. मिरजंच्या डाक्टराला दाखीवलं. त्यो लय भला मानूस. छातीला नळी लावून त्येनं बराच येळ ऐकलं आन् म्हनाला, "बाबा, तुझी छाती आतनं दुखावलीय. आता पुरात उतरू नकोस. उतरलास तर परत यायचा भरवसा मी देत नाही."

मालक म्हनालं, "व्हय." 

पर त्या 'व्हय'ला काय अर्थ? त्ये मानूस हाक आली की ताटावरनं उठतंय. मी रडून बघितलं, भांडून बघितलं, दोन दिस बोलली न्हाई. म्हनालं, "राहे, हाकंला ओ द्यायची न्हाई तर भोयाच्या पोटाला कशाला आलो?" तवा मी मनाशी बोलली, बाई गं, ह्येंचं जानं तुझ्या बापाच्यानं थांबायचं न्हाई. एकट्यानं जानं तेवढं थांबव.

आता गावात त्या वक्ताला आनि एक सोंग चाललंवतं. नारायण मास्तर, शाळंतला, सांगलीला जाऊन दंडाला बांधायचा बिल्ला आन् गळ्यात शिट्टी घिऊन आला. म्हनं, जपानवाला बाँब टाकतोय, आपल्याला स्वयंसेवक पायजेत. दर ऐतवारी मारुतीच्या देवळाम्होरं बापयांना गोळा करायचा, शिट्टी मारायचा, की समद्यांनी कानात बोटं घालून पालथं पडायचं. तालमीतलं गडी पडायचं, सुतार पडायचा, पाटलाचा भाऊ पडायचा. आभाळात ईमान काय कुनी बघितलं न्हाई. घार गेली तरी मास्तर शिट्टी मारायचा.

एका ऐतवारी मी डोक्यावर घागर घिऊन तिथनं चालली. समदी पालथी. माझं टकुरंच फिरलं. घागर खाली ठिवली आन् म्हनलं, "मास्तर, आवं बाँब कवा यील तवा यील. पूर तर दरसाल येतोय! त्यो काय जपानवाल्याला इचारून येतोय व्हय? एवढी मानसं मातीत लोळीवताय, त्यातली चार काठावर उभी करा की!"

माती झाडत समदी उठली. कुनीतरी हसलं. मी त्याच्याकडं वळली. "हसतोस काय रं भाड्या? तुझी भन धुण्याच्या दगडावरनं वाहत निघाली तवा कोन उतरलं? तू काय केलंस? शाबास म्हनलास. शाबासकीनं छाती शेकत न्हाई. शाबासकी नगं मला, नाडा धरा!"

नारायण मास्तराचा मला लय राग यायचा, पर खरं सांगती, त्यो मानूस मनानं निर्मळ. त्येनं शिट्टी काढून हातात घेतली आन् म्हनाला, "राहीबाई, तुमचं बरोबर आहे. सांगा, काय काय लागेल?"

म्या इचार केलावताच. पावसाळ्यात गावातल्या दोन गोष्टी रिकाम्या पडून असत्यात. एक नाडा. इहिरीवरची मोट वढायचा जाड दोर, पानी आभाळातनं पडाय लागलं की खुंटीला. दर मळ्यात येक. आन् दुसरी, गुऱ्हाळाची काईल. गूळ कढवायची ती लोखंडाची थोरली कढई, चार मानसं आत बसतील येवढी. नाव न्हाई तर काईल. आमच्या नदीकाठाला आडल्या येळंला लोक काईलीत बसून पार गेल्याती. काईलीच्या काठाला कड्या असत्यात, त्या धरून पवनारा तिला न्हेतोय. पर ह्ये समदं ऐन वक्ताला धावाधाव करून. पूर वसरल्यावर काईल सापडायची. बैल गेला आन् झोपा केला, तसली गत. मी म्हनलं, औंदा मिरगाचा पाऊस लागायच्या आत काईल काठाला आना, नाडं एकाला एक बांधून ठिवा, आन् कुनी कुठं उभं ऱ्हायचं ते आत्ता ठरवा.

नाडं मिळालं. काईल तात्याबाची.

तात्याबा म्हनाला, "काईलीत पाय? गूळ म्हंजी लक्षुमी. पयला खडा देवाला, दुसरा पिराला. तिथं मानसांनी पाय ठिवायचा? आन् लढाईत पत्रा मिळत न्हाई. फुटली तर मी काय ताटलीत गूळ कढवू?"

मी म्हनलं, "तात्याबा, आवं तुमची म्हस काढताना मालकांनी छातीवर वंडकं घेतलं, तवा लक्षुमी कुठं व्हती? पुढच्या पुराला ऱ्हावा काठावर उभं आन् बोलवा तुमच्या काईलीला. बघू येती का धावत."

तात्याबाचं तोंड एवढंसं झालं. मागनं त्याची म्हातारी म्हनाली, "दे की मेल्या, चिचंनं घासून घिऊ." नाक दाबलं की तोंड उघडतंय. काईल काठाला आली. तात्याबा रोज सकाळी येऊन तिला हात लावून बघायचा, पोरीला सासरी धाडल्यागत.

मग सराव. पयल्या दिशी काईलीत मास्तर बसला. रिकामी काईल पान्यावर ठरत न्हाई, त्यात त्यो काठीवानी वाळल्याला. धा हात गेली न् गरागरा फिराय लागली. मास्तरानं शिट्टी मारली, टोपी गेली, आन् मास्तर बी गेला. गावानं पोट धरून हसून घेतलं. पर त्यातनं कळलं, की आत वजन पायजे, दोन बाजूला दोन मानसं पायजेत, आन् वरडन्याचा आवाज पान्यावर पोचत न्हाई, शिट्टी पोचती. ठरलं, एक शिट्टी म्हंजी नाडा सोडा, दोन म्हंजी वढा. नाड्याला काठावरच्या चिचंचा एक येढा, आन् मागं धरनारी मानसं रांगंत. बायका बी. मी म्हनलं, मोटंला आमी हात लावतो, मग हितं काय झालं?

समदं जमलं. जमंना ते आमच्याच घरात.

मास्तर म्हनाला, "अर्जुना, तुझ्याही कमरेला एक दोर बांधू."

मालक हसलं. "मास्तर, दावं म्हसराला बांधत्यात. भोयाच्या कंबरंला करदोडा. माझा बाप दोर न बांधता उतरला, त्याचा बाप तसाच. दोर बांधून उतरलो तर कृष्णामाई म्हनंल, ह्येचा माझ्यावर इश्वास न्हाई."

मी म्हनलं, "तुमचा बाप पुरातच गेला."

त्ये जेवता जेवता उठून भाईर जाऊन बसलं. मला बी वाईट वाटलं, पर खरं ते खरं. दोर काय त्येंनी बांधून घेतला न्हाई.

आन् पूर आला, त्यो भर उनात. आमच्याकडं तसंच व्हतं. हितं लख्ख ऊन, बायका वाळवन घालत्यात, आन् पाऊस पडतोय तिकडं म्हाबळेश्वरावर न् कोयनंच्या डोंगरात. पानी तांबडं झालं, मग त्यावर फेस आला, आन् बघता बघता मळीच्या मागल्या वगळीत, वढ्याच्या घळीत, नदी शिरली. मळी म्हंजी काठाची गाळाची रानं. तिथं रसूल बागवान वांगी करायचा. त्याची वांगी सांगलीच्या बाजारात हातोहात खपायची. त्याचं खोपाट तिथंच. बायको जरिना, मांडीवरलं ल्येकरू आन् त्याची म्हातारी आई अकिलाचाची. म्होरं नदी, मागं वगळ, आन् मधी चौघं रानराखनीच्या माळ्यावर चढून बसल्याली. माळा तरी केवढा? चार मेढी आन् वर फांद्या. मेढी हलाय लागल्या.

बोंब उठली. पर त्या दिशी "अर्जुनाला बोलवा" कुनी म्हनलं न्हाई. शिट्टी वाजली. शिट्टीबरुबर तालमीतलं गडी धावलं, बायका धावल्या, नाडा चिचंला पडला. माझं मन भरून आलं. आन् त्याच वक्ताला बघती तर मालक काचा मारून काईलीच्या कडीला हात घालून उभं. उघडी छाती खालवर व्हतेली मला लांबनं दिसत व्हती.

मास्तर म्हनाला, "आत कोण बसणार? वजन पाहिजे."

जो तो एकमेकाकडं बघाय लागला. सरावात बसायचं येगळं, पुरात बसायचं येगळं. मी अंगानं भरल्याली हाय, देवानं हात आखडता घेतला न्हाई. लुगडं खोचलं आन् काईलीत जाऊन बसली.

मालक वरडलं, "राहे, उतर! तुला पवता येत न्हाई!"

"म्हनूनच बसली. आता मला बुडवायची का न्हाई ते तुमी बघा."

त्येंनी मला लय शिव्या घातल्या. मी आयकून घेतल्या. नाडा काईलीच्या कडीला बांधला व्हता, त्याचं उरल्यालं टोक, फासाची गाठ मारून, मी पायाशी ठिवलं. त्येंनी ते बघितलं आन् तोंड फिरीवलं. एक शिट्टी झाली. आमी निघालो.

भोई वरच्या अंगानं उतरतोय, पान्याच्या वढीनं तिरका तिरका जाऊन बराबर ठिकानावर लागतोय. मालकांनी काईल तशीच न्हेली, सुईत दोरा ववल्यागत. माळ्याखाली काईल लागली तवा मेढी कलल्या व्हत्या. रसूलनं ल्येकरू माझ्या वटीत टाकलं. जरिना उतरली. आन् अकिलाचाची माळ्यावरच बसली.

"काईलीत पाय ठिवू? या अल्ला! दरसालचा पिराचा खडा ह्यातनं खाते मी!"

मी कपाळावर हात मारला. "चाची, उतर गं बाई! तात्याबानं परवानगी दिलीया!"

"तात्याबानं? सोताच्या तोंडानं?"

"सोताच्या तोंडानं!"

तवा म्हातारी उतरली, ती बी पायातल्या चपला काढून. चपला काखंत मारल्या आन् पाय पोटाशी घिऊन बसली. वरनं पूर चाललाय, मेढी मोडत्यात, आन् हिला गुळाची काळजी. मला त्यात बी हसू आलं. रसूलनं दुसऱ्या बाजूची कडी धरली, आन् आमी माघारी फिरलो. मागनं माळा कडाकडा मोडून गेला.

निम्म्यात आलो. काईल आता जड. मालकांचा दम मला ऐकू येत व्हता, फाटक्या भात्यावानी. तेवढ्यात वरनं एक बाभळ आली, मुळासकट, काट्यांसकट, सरळ काईलीवर. मालकांनी कडीचा हात सोडला, खांदा दिऊन बाभळ बाजूला सारली. ती गेली. आन् त्येंचा हात माघारी कडीला पोचलाच न्हाई.

तोंड निळं झालंवतं. डोळं माझ्याकडं, पर बघत न्हवतं. मी त्या नजरंला आजवर भ्याली, दर पुराला, दर हाकंला. तीच ही नजर. आन् माझ्या तोंडातनं काय निघालं ते माझं मला कळलं न्हाई.

"अर्जुनाऽऽ!"

सारा काठ गप झाला म्हनत्यात. मी काय काठाकडं बघितलं न्हाई. मी वाकली, काईल कलली, अकिलाचाचीनं मागनं माझं लुगडं दोन्ही हातांनी धरलं. मी फास फेकला. त्यो त्येंच्या खांद्यापाशी पडला. त्येंनी बघितला. आन् एवढ्या पान्यात, एवढ्या मरनात, त्या मानसाचा हात थांबला! दावं म्हसराला, म्हनून!

"घाला बगलंत!" मी वरडली. "न्हाईतर मी उडी टाकती. देवाशपथ टाकती, अर्जुना!" आन् मी काईलीच्या काठावर एक पाय टाकला.

त्येंनी हात घातला. एक, मग दुसरा. फास आवळला.

काठावर दोन शिट्ट्या झाल्या. लागूपाठ दोन, परत दोन, मास्तराचा जीव जाईपतूर. आन् नाडा ताठ झाला. मी मग काठाकडं बघितलं. मोटंचं बैल इहिरीच्या धावंवर, उतारानं, उतरत्यात ना, तसा नाडा खांद्यावर घिऊन, नदीकडं पाठ करून आख्खं गाव वढत व्हतं. कुनी तोंडानं आवाज काढंना. म्होरं तालमीतलं गडी, मधी बायका, आन् समद्यात मागं नाड्याचं टोक कंबरंला गुंडाळून पटका सुटल्याला तात्याबा. चिचंच्या बुंध्यातनं धूर निघावा तसा नाडा घासत व्हता. पाय घसरत व्हतं, मानसं पडत व्हती, उठत व्हती. पर नाडा कुनी सोडला न्हाई.

काईल चिखलाला लागली. मागनं मालक, पालथं. सुतारानं न् तात्याबानं त्येंना उचललं, पाठीवर दाब दिला. पानी पडलं, खोकला आला. मी आयुष्यात त्या खोकल्यावर जेवढा राग केला, तेवढाच त्यो त्या दिशी गोड वाटला.

आन् मग मला ध्येनात आलं. कुनी शाबास म्हनलं न्हाई. समदी चिखलात बसल्याली, तोंडं उघडी, दम लागल्याला. शाबास म्हनायला सुदीक कुनाकडं वारं शिल्लक न्हवतं.

सांजच्याला मी अंगनात चूल पेटीवली, कोंडा भाजायला. बघती तर दारात तालमीतला गडी. हात म्होरं केलं. तळव्याची साल निघालीवती, लालभडक मांस. म्हनाला, "राहीकाकू, जरा हळद-तेल हाय का?" त्याला लावतीया तवर सुताराची बायको आली. मग मास्तर आला, त्याचं ओठ शिट्टीनं सुजल्यालं. रसूल आला, संगं जरिना, वाडग्यात तेल घिऊन. अंगनात मावंनात येवढी मानसं, समदी हात पुढं करून. आन् समद्यात मागं तात्याबा.

मी म्हनलं, "तात्याबा, काईल कशी हाय?"

"मरूं दे काईल," त्यो म्हनाला. "अर्जुना कसा हाय?"

इतक्या वर्सांत आमच्या दारात येऊन ह्ये कुनी इचारलं न्हवतं. माझ्या डोळ्यांस्नी धार लागली. तात्याबाच्या तळव्याला हळद लावताना निम्मं पानी माझं पडलं. त्यो बिचारा चुरचुरतंय म्हनून तोंड वाकडं करायचा, पर हात मागं घेतला न्हाई.

मालक वसरीला घोंगडीवर पडल्यालं. समदी गेल्यावर मला म्हनालं, "नाव घेतलंस. आख्ख्या गावाम्होरं. उखाना कुठाय?"

"उखाना बुडाला पुरात," मी म्हनलं. "बोलू नगा, छाती दुखंल."

मग त्येंनीच इचारलं, "हळद सरली का गं?"

"का?"

त्येंनी बंडी वर केली. बगलंखालनं पाठीपतूर नाड्याचा वळ उठलावता, जाड, तांबडा. गावाच्या तळव्यावर जे व्हतं, तेच त्येंच्या अंगावर.

"उरली असंल तर हितं बी लाव," त्ये म्हनालं. "आन् मास्तराला सांग, म्होरच्या पुराला माझ्या कंबरंला बांधायचा नाडा जरा मऊ बघून आन म्हनावं."

मी वाडग्याच्या बुडाला चिकटल्याली हळद बोटानं निपटली आन् त्या वळावर लावली.